सापाच्या पेटीत पुन्हा पुन्हा बुरशी येते? नवं बेडिंग ओतण्याआधी हे तपासा

बुरशी दिसली की बहुतेक जण एकच करतात. सगळं बेडिंग (पेटीच्या तळाशी पसरलेला किस, भुसा किंवा तुकडे) फेकायचं, पेटी घासून धुवायची, नवी पिशवी ओतायची. दोन-तीन आठवड्यांत त्याच कोपऱ्यात पांढरी लव परत हजर. बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत असतात, नव्या पिशवीतही असतात, त्यामुळे ते संपवण्याच्या मागे लागून काही मिळत नाही. आपल्या हातात असते ती ओल.

इथे दमट हवा आणि ओली पेटी यांत गल्लत होते. सापाला हवेतली आर्द्रता लागते. बुरशीला ओला पृष्ठभाग, खायला काहीतरी सेंद्रिय आणि न हलणारी हवा लागते. खालचा थर ओलसर, वरचा थर हाताला कोरडा आणि हवा थोडी तरी खेळती असेल, तर ७० टक्के आर्द्रतेतही पेटी स्वच्छ राहते. नसेल, तर ५० टक्क्यांतही पाण्याच्या भांड्याखाली बुरशी धरते.

पुढचं सगळं पाळायला परवानगी असलेल्या, बंदिस्त पैदाशीतल्या नेहमीच्या सापांना धरून आहे: कॉर्न स्नेक, किंग स्नेक, हॉगनोज, बॉल पायथन, बोआ. तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चिक आणि कटकटीच्या नंतर, अशा क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या तीन-चारांतच कारण सापडतं.

लक्षणं

- पेटी उघडताच कुबट, तळघरासारखा वास. विष्ठेचा वास तिखट असतो आणि ती काढली की जातो. हा जात नाही.
- बेडिंगवर, लाकडावर किंवा लपायच्या खोक्याच्या आतल्या बाजूला पांढरी, करडी, हिरवट किंवा काळी लव अथवा ठिपके.
- बेडिंगच्या गुठळ्या. तुकडे एकमेकांना पांढऱ्या तंतूंनी चिकटलेले.
- वरून सगळं ठीक, पण भांडं उचललं की खाली काळपट, चिकट थर.
- काचेवर दुपारपर्यंत न विरणारं धुकं.
- बारीक माश्या किंवा पांढरे किडे अचानक वाढणं. ते बुरशी खायला आलेले असतात, म्हणजे बुरशी आहे, फक्त तुम्हाला दिसलेली नाही.

आणखी एक लक्षण सापाकडेच दिसतं: पोटाचे खवले तांबूस किंवा तपकिरी होणं, फोड, खपली, कात तुकड्यातुकड्यांत निघणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं. यातलं काहीही दिसलं तर खालच्या तपासण्या बाजूला ठेवा आणि शेवटचा भाग आधी वाचा.

ही बुरशीच आहे ना?

सापाच्या विष्ठेबरोबर येणारा पांढरा किंवा पिवळसर खडूसारखा गोळा हा युरेट, म्हणजे त्याचं घन मूत्र. चुरा होतो, तंतू नसतात. भांड्याच्या कडेला किंवा काचेवर साचलेला पांढरा, खरखरीत थर जड पाण्यातल्या क्षारांचा; व्हिनेगरने पुसला की विरघळतो. पांढरे ठिपके हलत असतील तर ते स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी खाणारे बारीक किडे. काळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सापाच्या खवल्यांखाली किंवा पाण्यात बुडालेले दिसले तर ती गोचिडांसारखी माइट असू शकते. तो पूर्ण वेगळा विषय आहे.

नवीन नारळी बेडिंग, पाचोळा किंवा लाकूड घातल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत पांढरी, कापसासारखी बुरशी येणं नेहमीचं आहे. लाकडातला सहज पचणारा भाग संपला की ती बहुधा आपोआप ओसरते. पुसून काढा, वरचा थर कोरडा ठेवा, घाबरू नका. हिरवी, निळसर, काळी, किंवा पुसल्यावर चार दिवसांत परत येणारी असेल तर पुढे चला. रंगावरून बुरशीची जात ठरवत बसू नका, ते सूक्ष्मदर्शकाशिवाय होत नाही आणि उपाय सगळ्यांना तोच आहे.

१. बुरशी नेमकी कुठे आहे?

काहीही साफ करण्याआधी टॉर्च घेऊन सगळ्या पेटीत बघा आणि फोटो काढा. जागा कळली की अर्धं कारण कळतं, आणि साफ केल्यावर हा पुरावा जातो.

भांड्याभोवती असेल तर पाणी सांडतंय किंवा झिरपतंय. गार बाजूच्या मागच्या कोपऱ्यात असेल तर दव साचतंय आणि हवा फिरत नाही. लपायच्या जागेच्या आत असेल तर विष्ठा राहिली आहे किंवा ओलीसाठी ठेवलेलं मॉस (शेवाळ) जुनं झालं आहे. एकाच ओंडक्यावर असेल तर दोष ओंडक्याचा. सगळीकडे सारखी पसरली असेल तर पाणी जास्त होतंय किंवा बेडिंगच चुकलं आहे. तळाशी, हीट मॅटच्या (पेटीखाली लावायच्या, विजेवर तापणाऱ्या पट्टीच्या) वर असेल तर खाली ओल कोंडून उबवली जाते आहे.

२. विष्ठा, सांडलेलं खाणं, पाण्याचं भांडं

साप आठवड्यातून एकदा खातो म्हणून पेटीही आठवड्यातून एकदाच बघायची, ही सवय सोडा. रोज एक मिनिट पुरतं. विष्ठा दिसली की तिच्याभोवतीचं तीन-चार सेंटीमीटर बेडिंग, तळापर्यंत, उचलायचं. वरवरचं काढून खालचं ओलं तसंच राहिलं तर तिथे बुरशीला ओल आणि खाणं दोन्ही मिळतं. सापाने खाल्लेलं ओकलं असेल तर तो सगळा कोपरा काढा.

गोठवलेला उंदीर गरम पाण्यात वितळवून देत असाल तर कागदी टॉवेलने कोरडा करून, सपाट ताटलीवर द्या. ओला उंदीर बेडिंगवर ठेवला की पाणी, रक्त आणि केस तिथेच जिरतात.

भांड्याची पातळी खुणेच्या पेनने आखा आणि दुसऱ्या दिवशी बघा. काठोकाठ भरलेल्या भांड्यात साप शिरला की त्याच्या अंगाएवढं पाणी बाहेर येतं, म्हणून भांडं अर्धं ते दोन तृतीयांशच भरायचं. ते जड आणि रुंद बुडाचं असावं, आणि बेडिंगवर न ठेवता फरशीच्या तुकड्यावर किंवा थेट पेटीच्या तळावर टेकलेलं असावं. मातीचं कच्चं भांडं असेल तर ते झिरपतं. चकचकीत लेपाचं घ्या. भांडं उबदार बाजूला, दिव्याखाली असेल तर ते दिवसभर वाफ सोडत राहतं. आर्द्रता आधीच जास्त असेल तर ते गार बाजूला सरकवा.

३. मुठीची परीक्षा, आणि फवारणी बंद

बेडिंगची एक मूठ तळातून आणि एक मूठ वरून घ्या. घट्ट दाबा.

पाणी टपकलं तर ते चिखलाच्या वाटेवर आहे, काहीही असो. तळाच्या मुठीचा गोळा झाला, बोटाने ढोसल्यावर फुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर दमट प्रजातीसाठी ठीक आहे. वरच्या मुठीचा गोळा होताच कामा नये. अस्पेनच्या (एका हलक्या लाकडाच्या) किसाला हात लावल्यावर ओल जाणवली तरी तो भाग काढून टाकायचा. अस्पेन सुकवून परत वापरायची वस्तू नाही.

वरची मूठ ओली आणि तळाची कोरडी असेल तर दोष फवारणीचा. बाटलीने फवारलं की आर्द्रतेचा आकडा अर्ध्या तासात ८५ ला जातो आणि संध्याकाळपर्यंत ४५ वर येतो. म्हणून माणूस दिवसातून तीनदा फवारतो. यात नेमका वरचा पृष्ठभाग, जिथे सापाचं पोट टेकतं आणि बुरशी धरते, तोच सतत ओला राहतो आणि खोलवर ओल पोचतच नाही.

त्याऐवजी पाणी कोपऱ्यांतून ओता. १२० × ६० सेंटीमीटरच्या पेटीत ८ ते १० सेंटीमीटर नारळी तुकडे असतील तर सुरुवातीला एक ते दीड लिटर, चारही कोपऱ्यांत वाटून, भिंतीलगत हळू सोडायचं. २४ तास काही करायचं नाही. मग आकडा बघायचा. पुढे आठवड्याला साधारण अर्धा लिटर लागतो, पण हा आकडा पेटी, दिवा आणि ऋतूप्रमाणे बदलतो. मुठीची परीक्षा शेवटचा शब्द. लहान पेटीला त्याच प्रमाणात कमी. हीट मॅट ज्या भागाखाली आहे तिथे ओतू नका.

४. हायग्रोमीटर खरं बोलतो का?

गोल, काट्याचे, चिकटवायचे हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे मीटर) दहा-वीस टक्क्यांनी चुकताना सर्रास दिसतात. त्यांच्या भरवशावर पाणी घालणं म्हणजे अंदाजाने घालणं. डिजिटल, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला घ्या, आणि त्याचीही परीक्षा करा.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात काही थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात किंवा पिशवीत, एकमेकांना न टेकता, ८ ते १२ तास खोलीच्या तापमानाला ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर दर वेळी ५ मिळवायचे, ८० दाखवत असेल तर ५ वजा करायचे. दहापेक्षा जास्त फरक असेल तर मीटर बदला.

सेन्सर बेडिंगपासून चार-पाच सेंटीमीटर वर लावा, एक गार बाजूला आणि जमलं तर एक उबदार बाजूला. भांड्याच्या वर किंवा ओल्या मॉसजवळ लावलेला सेन्सर पेटीचं नव्हे, भांड्याचं हवामान सांगतो.

तोच मीटर एक दिवस पेटीबाहेर, खोलीत ठेवून बघा. खोलीतच ७५–८० टक्के असेल तर पेटीत वेगळं पाणी घालायची गरजच नाही. भिंत पाझरत असेल तर आधी ती दुरुस्त करायला हवी किंवा खोलीत आर्द्रता काढणारं यंत्र लावायला हवं. पेटीत केलेला कुठलाही उपाय तिथे पुरा पडणार नाही.

५. सापाला लागतं किती?

हा आकडा माहीत नसताना बेडिंग निवडणं उलटं आहे. ढोबळमानाने: पश्चिमी हॉगनोज ३० ते ५० टक्के, कॉर्न आणि किंग स्नेक ४० ते ६०, बोआ ६० ते ७५, बॉल पायथन ६० ते ८०, ब्राझिलियन रेनबो बोआ ७५ च्या वर. कात टाकायच्या सुमाराला सगळ्यांनाच थोडी जास्त चालते, पण त्यासाठी सगळी पेटी भिजवायची नसते. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस ठेवलं की सापाला हवा तेव्हा दमटपणा मिळतो. हे मॉस दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि घाण झालं तर त्याच दिवशी, बदला.

६. हवा

पेटीचं झाकण जाळीचं असतं, आर्द्रता टिकत नाही, म्हणून ते फॉइलने किंवा प्लास्टिकने पूर्ण बंद केलं जातं. आकडा छान दिसतो आणि दहा दिवसांत बुरशी. झाकायचंच असेल तर तीन चतुर्थांशच्या पुढे जाऊ नका आणि उघडा भाग दिव्याच्या बाजूला ठेवा; गरम हवा वर जाते, तिच्या जागी गार बाजूने नवी हवा यायला वाट लागते. उत्तम रचना म्हणजे एका बाजूला खालच्या अंगाला छिद्रं आणि समोरच्या बाजूला वरच्या अंगाला. प्लास्टिकच्या डब्यात छिद्रं पाडणार असाल तर साप बाहेर काढून, आतून बाहेर पाडा आणि कडा गुळगुळीत करा.

परीक्षा सोपी आहे. सकाळी काचेवर धुकं असलं तर दिवा लागल्यावर एक-दोन तासांत विरलं पाहिजे. दुपारीही असेल तर हवा कोंडली आहे. झाकण थोडं थोडं उघडत जा, एका वेळी एक बदल, आणि दोन दिवस आकडा बघा. एवढ्यानेही भागलं नाही तर संगणकातला छोटा पंखा, मंद गतीवर, जाळीबाहेरून हवा ओढून घेईल असा लावता येतो. सापाच्या अंगावर वारा मारणारा पंखा नको.

७. उष्णता: दव कुठे पडतं

हा भाग नीट समजून घ्या, कारण “मीटरवर तर ५० टक्केच दिसतंय, मग बुरशी का” याचं उत्तर इथे आहे.

उबदार बाजूला ३२ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असलेली हवा सरकत गार बाजूला २५ अंशांवर आली की, एक थेंबही पाणी न घालता, तिची आर्द्रता साधारण ७५ टक्के होते. २२ अंशांवर ती ९० च्या आसपास जाते, आणि २० अंशांच्या काचेवर दव धरायला लागतं. रात्री दिवे पूर्ण बंद करून पेटी थंड पडू दिली की रोज पहाटे मागच्या कोपऱ्यात हेच होतं. मीटर उबदार बाजूला लावलेला असेल तर तो काहीच बोलत नाही.

उपाय: रात्रीचं तापमान तुमच्या प्रजातीला चालतं त्याच्या खाली जाऊ देऊ नका, गरज असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर चालवा. पेटी बाहेरच्या गार भिंतीला चिकटलेली असेल तर पाच सेंटीमीटर पुढे ओढा.

हीट मॅटची गोष्ट वेगळी. ती तळातली ओल वर ढकलते, ती वाफ वरच्या गार थरात परत पाणी होते, आणि मधला पट्टा कायम ओला-कोमट राहतो. शिवाय जाड बेडिंग मॅटवर रजईसारखं बसतं. उष्णता वर पोचत नाही, खाली साठते, आणि खणत तळाशी गेलेला साप भाजू शकतो. ८–१० सेंटीमीटर बेडिंग हवं असेल तर उष्णता वरून द्या: हॅलोजन किंवा सिरॅमिक, जाळीच्या आवरणात, थर्मोस्टॅटसह. मॅटच ठेवायची असेल तर बेडिंग दोन-तीन सेंटीमीटरच आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवर. ओल्या पेटीतली मॅट तपासताना आधी प्लग काढा. वायर उघडी पडलेली, मॅट फुगलेली, तपकिरी डाग पडलेले किंवा प्लगपाशी काळेपणा दिसला तर ती दुरुस्त करायची नाही, टाकायची. सॉकेटच गरम होत असेल तर इलेक्ट्रिशियन.

८. बेडिंगच चुकलंय का?

इथून खर्च सुरू होतो. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बॉल पायथनला अस्पेन घालून ते रोज फवारणं. दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या बघितल्या तर वाईट नाहीत, एकत्र मात्र बुरशीची हमी.

अस्पेनचा किस कोरड्या प्रजातींसाठी चांगला. हलका, वास नसलेला, बोगदे टिकतात. कॉर्न किंवा किंग स्नेकला ५ ते ८ सेंटीमीटर, खणणाऱ्या हॉगनोजला १० किंवा अधिक. ओला झाला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, त्यामुळे ५० टक्क्यांच्या वर सतत आर्द्रता लागत असेल तर हा नको.

दमट प्रजातींना नारळाच्या सोडणाचे तुकडे, म्हणजे कोको चिप्स. तुकड्यांमधल्या फटींतून हवा खेळते, पाणी तुकड्याच्या आत राहतं आणि पृष्ठभाग लवकर सुकतो. नुसतं बारीक कोकोपीट ओलं असताना चिखल होतं आणि सुकल्यावर धूळ. दोन भाग तुकडे आणि एक भाग कोकोपीट असं मिसळलं की जमतं. दाबलेली वीट वापरत असाल तर वेष्टनावर सांगितलेलं सगळं पाणी एकदम ओतू नका. ६५० ग्रॅमच्या विटेला साधारण चार लिटर पाणी लागतं. तीन लिटरपासून सुरुवात करा, फुगली की मुठी-मुठीने पिळा आणि कापडावर एक-दोन दिवस पसरून ठेवा. बादलीतून थेट पेटीत गेलेली वीट हे “नवं बेडिंग, तरी आठवड्यात बुरशी” याचं एक मोठं कारण आहे.

सायप्रसचा लाकडी भरड आणि ऑर्किडसाठी मिळणारी फरची साल हीदेखील ओल चांगली पेलतात. बागेसाठी विकला जाणारा भरड घेताना रंग, खत किंवा दुसरं लाकूड मिसळलेलं नाही ना, हे बघा. खणणाऱ्या सापांना खत आणि परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरे, हलके खडे) नसलेली माती ६०–७० टक्के आणि उरलेली वाळू, असं मिश्रण चालतं. कागदी टॉवेल दिसायला रुक्ष, पण आजारी, नवीन आणलेल्या किंवा जखमी सापाला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. घाण लगेच दिसते, बदलायला मिनिट लागत नाही.

सिडारचा किस कोणत्याही सापाला नको, त्यातली सुगंधी रसायनं श्वासाला आणि यकृताला घातक असतात. न सुकवलेल्या पाइनचंही तसंच. कणसाच्या बुरकुंड्यांचे तुकडे, अक्रोडाच्या कवचाचा भुगा, सशांच्या खाद्याच्या गोळ्या, मांजराच्या शौचपेटीतली माती, यांतल्या काही वस्तू पाणी पिऊन लगेच बुरसतात आणि काही पोटात जाऊन अडकतात. किमतीवर जाऊन यांच्या वाटेला जाऊ नका.

नवी पिशवी उघडली की पहिल्यांदा वास घ्या. ताजं लाकूड किंवा नारळ यांचा वास ठीक. कुबट वास, आतून दमट प्लास्टिक किंवा गुठळ्या असतील तर ती पिशवी पेटीत जाऊ देऊ नका. उरलेलं बेडिंग जमिनीपासून वर, कोरड्या जागी, बंद डब्यात.

९. लाकूड आणि सजावट

बेडिंग तीनदा बदलूनही बुरशी येत असेल तर बहुधा ओंडका तसाच परत ठेवला गेला आहे. द्राक्षवेलीचं लाकूड दिसायला देखणं आणि दमट पेटीत सर्वांत आधी बुरसणारं. कॉर्कची साल याबाबतीत फार सरस.

लाकूड ब्रशने कोरडं घासा (पेटीजवळ नाही, बाहेर), गरम पाण्याने धुवा, मग ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर, जाडीप्रमाणे एक-दोन तास ठेवा. लाकूड पेट घेऊ शकतं, त्यामुळे तिथून हलायचं नाही. ओव्हनमध्ये न मावणारा तुकडा उकळत्या पाण्याने दोन-तीनदा भिजवून उन्हात पूर्ण सुकवा. बोटाने दाबल्यावर लाकूड मऊ लागलं तर ते टाका. ब्लीच लाकडात नीट शिरत नाही आणि शिरलेलं सहज निघत नाही, म्हणून लाकडाला ब्लीच नको.

१०. पूर्ण साफसफाई

कारण सापडल्यावर, आधी नाही. साप नुकताच जेवला असेल तर किमान ४८ तास थांबा. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात पडेपर्यंत शक्यतो हलवू नका.

सापाला छिद्रं असलेल्या, झाकण पक्कं बसणाऱ्या डब्यात कागदी टॉवेल, लपायची जागा, पाणी आणि नेहमीचं तापमान देऊन ठेवा. मास्क आणि हातमोजे घाला. दमा असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याला सांगावं. बुरसलेलं बेडिंग उचलण्याआधी त्यावर हलकं पाणी शिंपडा, नाहीतर बीजाणू खोलीभर उडतात. पेटीतच पिशवीत भरून तोंड बांधा.

मग साबणाच्या पाण्याने घाण काढा, कारण घाणीवर जंतुनाशक चालत नाही. त्यानंतर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्या, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण एक दिवस, उघडं ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अमोनिया किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. फिनॉल आणि पाइन तेलाची जंतुनाशकं सापाच्या पेटीत अजिबात नकोत. डांबरगोळ्या, सुगंधी तेलं, बुरशीनाशक पावडर, दालचिनीची पूड, सिलिका जेलच्या पुड्या हेही नको. यातलं काही सापाला विषारी आहे, काही निरुपयोगी आणि काही दोन्ही.

भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

११. पेटीचा सांगाडा

लाकडी किंवा लॅमिनेटच्या पेटीत तळाच्या सांध्यांवर बोट फिरवा. कड फुगली असेल, लॅमिनेट सुटलं असेल तर पाणी आत शिरलं आहे आणि बुरशी भुशापासून बनवलेल्या फळीच्या आत आहे. वरून कितीही पुसा. सुरुवात असेल तर पेटी आठवडाभर सुकवून, जुना सीलंट खरवडून, मत्स्यटाकीसाठी चालणारा सिलिकॉन लावा. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं, तो नको. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, साप आत नाही. तळ मऊ पडला असेल तर सुतार तो भाग बदलेल किंवा पेटीच बदलावी लागेल. रंग मारून झाकू नका.

जिवंत बेडिंग असेल तर

माती, झाडं आणि पाचोळ्याच्या पेटीत थोडी बुरशी हा त्या रचनेचाच भाग आहे. स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड (ओलसर मातीत राहणारे छोटे, कवचाचे जीव) ती खातात. बुरशी वाढतच असेल तर त्यांची संख्या कमी आहे किंवा तळाच्या निचरा थरात पाणी वर चढून मातीला टेकलं आहे. नळीने पाणी उपसा, पाचोळा हलवा, स्प्रिंगटेलची नवी वसाहत सोडा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर माती खाली हवेविना सडली आहे आणि ती बदलण्याला पर्याय नाही. कोरड्या अस्पेनमध्ये स्प्रिंगटेल सोडणं व्यर्थ आहे, ते मरतात.

इथे थांबा आणि पशुवैद्यांकडे जा

सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. सगळे बघत नाहीत.

तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा किंवा कट-कट आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव: त्याच दिवशी. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे श्वसनाचा संसर्ग घरी वाट बघून बरा होत नाही. पोटाच्या खवल्यांवर फोड, लाल-तपकिरी पट्टे, उघडी जखम: एक-दोन दिवसांत. चेहऱ्यावर सूज, खपल्या, डोळ्याभोवती जाड झालेली कातडी, लागोपाठ लवकर लवकर कात टाकणं: हेही लगेच, आणि त्या सापाला इतरांपासून पूर्ण वेगळा करून. ओल्या घाणीने होणारा खवल्यांचा जिवाणूसंसर्ग आणि ‘ओफिडिओमायसेस ओफिडीकोला’ या बुरशीमुळे होणारा सापांचा आजार नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. उपचार वेगळे आहेत, आणि दुसरा एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो. निदान नमुना तपासूनच होतं. कात पडल्यावर खपली निघून गेली म्हणून आजार गेला असं धरू नका.

जाण्याआधी सापाला कागदी टॉवेलवर ठेवा. मलम, हळद, आयोडिन काहीही लावू नका. नमुना बिघडतो, आणि माणसांच्या काही मलमांतलं बधिर करणारं औषध सापाला विषारी असतं. सोबत न्यायचं: पहिल्या तपासणीत काढलेले फोटो, उबदार आणि गार बाजूचं तापमान व आर्द्रता, बेडिंगचं नाव, शेवटचं खाणं आणि शेवटची कात कधी ते, आणि मिळाली तर कात कोरड्या पिशवीत.